दगडांच्या प्रदर्शनात माझं जातं

५ फेब्रु. बुध.
सांगलीहून फोन. दगड-रत्नांचं प्रदर्शन भरतंय, शुक्र. ते रवि. खडे, स्फटिक, आणि दगड घडवणारे कारागीर. मला मागच्या अंगणात जागा देणार. जातं घडवून दाखवायचं. हो म्हटलं. हे गेल्यापासून उंब्रजच्या बाहेर कोणी बोलावलं न्हवतं.
अमोलला फोन करून सांगितलं. म्हणाला, "आई, लग्नाचं चाललंय ती पोरगी सांगलीची हाय. तिच्या घरच्यांना सांगितलंय, आई घरीच असते."
असं हाय तर. मला आज कळतंय.
"आणि तुझे वडील?"
"ठेकेदार होते म्हणून सांगितलंय."
फौजेत गेला, नायक झाला, आणि बापाच्या हातातली दगड घडवायची टाकी लपवली. मी जाणार.

७ शुक्र.
जीपमध्ये उखळ, दोन पाटे, अर्धं झालेलं जातं. संयोजकांनी पाटीवर ह्यांचं नाव लिहिलेलं, 'यांच्या पत्नी' म्हणून. म्हटलं, पुसा. सुमन, उंब्रज. एवढंच लिहा. पाटी लिहिणाऱ्या बाई जरा घुटमळल्या. मी उभीच राहिले. लिहिलं.
शेजारी मिरजेचे एक म्हातारे चाचा, फिरत्या चाकावर अकीकाचे खडे घासतात. पाण्याची बारीक धार, बोटं कायम लाल. दुपारी मला आत दालनात घेऊन गेले. काचेत, दिव्याखाली, काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुया. लोक फोटो काढतायत.
मी म्हटलं, "चाचा, ह्याला आमी नासका म्हणतो. असलं निघालं की जातं वाया. किती फेकलेत."
चाचा हसले. मला हसू आलं न्हाई. ह्यांनी लय शिव्या दिल्यात त्या सुयांना.

८ शनि.
गर्दी. दगडाचं पीठ पार डोळ्यात.
अकराच्या सुमारास दोघी समोर थांबल्या. एकीने पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं, परत पाटी. फोटोत पाहिलेला चेहरा. पोरीची आई. दुसरी मावशी असावी. पदर ओढून खाली बघता आलं असतं. त्या निघाल्याही असत्या.
हातोडा ठेवला. उठले. "मी अमोलची आई."
मावशी म्हणाली, "आम्हाला वेगळंच सांगितलंय."
"खोटं सांगितलंय. त्याचे वडील हेच करायचे. मी पण हेच करते."
"आता कशाला? पोरगा कमावतोय की."
"तो त्याचं काम करतोय. हे माझं हाय."
पोरीच्या आईने जात्याचा खुंटा धरला, एकदा फिरवला. मी चहा सांगितला, न घेता गेल्या.
हातोडा उचलला न्हाई. बसले तशीच. थोड्या वेळानं चाचा म्हणाले, "बेटी, ठोक. तुझा आवाज बंद पडला की माझं पण चित्त लागत न्हाई."
ठोकलं.
संध्याकाळी अमोलचा फोन. "तू मुद्दाम केलंस."
"व्हय. मुद्दाम."
"मोडलं तर?"
"मोडू दे. लग्नानंतर कळलं असतं तर त्या पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"
फोन ठेवला त्यानं.

९ रवि.
शेवटचा दिवस. जातं पुरं झालं. विकलं न्हाई, परत आणलं.

१२ बुध.
सांगलीकरांचा निरोप: रवि. येतो, घर बघायला. पुढं एक शब्द न्हाई. बघून होकार देणार का तोंडावर न्हाई म्हणणार, देव जाणे.
भाऊजी कराडहून आले. नवा बंगला हाय त्यांचा. "वहिनी, पाहुण्यांना माझ्याकडं बसवू. इथं सगळीकडं दगडाच्या कपच्या."
"घर बघायला येतायत ना? मग हेच घर."
"पोराचा तरी विचार करा."
त्याचाच करतेय. त्यांना सांगून उपयोग न्हाई.

१५ शनि.
अमोल रजेवर आला. पाया पडला, जेवला. नंतर अंगणातल्या सगळ्या दगडांवर ताडपत्री टाकली, चारी कोपरे दोरीनं बांधले. फौजेतल्यासारखं, पक्कं. मी बघत होते. तो आत गेल्यावर दोऱ्या कापल्या, ताडपत्री काढली.
"आई, एक दिवस. फक्त उद्या."
"इतकी वर्षं मी पण एकेक दिवसच म्हणत होते. तुझ्या शाळेत तेरा वेळा आले, हात पदरात लपवून. आता न्हाई."
खाली बघत राहिला. ह्यांच्यासारखाच दिसतो खाली बघताना.

१६ रवि.
सकाळी उठले तर ताडपत्री परत टाकलेली, पण बांधलेली न्हवती. काढली. अमोल दारातच होता. बघितलं, अडवलं न्हाई.
भाऊजींचा फोन, पाहुण्यांनी कराड सोडलं. म्हणजे आलेच. पाठोपाठ जाऊबाईंचा: ती जांभळी साडी नेसा.
नव्या पाट्याची एक बाजू राहिलीय. अमोलनं आतून खुर्च्या आणल्यात, पण दगडांपाशी मांडायच्या का लांब, ते अजून विचारत न्हाई, हातात धरून उभा हाय. मी काही सांगणार न्हाई. वही ठेवते, बसते ठोकायला.