गाडीच्या मेंदूचं आंगडं

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (मान सोडून बाकीच्या अंगांनी. स्टिअरिंगखाली डोकं घालून बसल्यावर मान उरत नाही, आणि लोकांच्या माना सरळ करणं हा माझाच धंदा. हसू नकोस.) तू, वहिनी, आणि आमच्याकडून तुमच्याकडे राहायला आलेली आपली आई, सगळे मजेत ना? तुझीही गाडी हल्ली मध्येच बंद पडते असं वहिनी म्हणाली. त्यावर शेवटी येते. आधी माझी ऐक, मला दम धरवत नाहीये.

माझी गाडी सकाळी छान पळायची आणि अर्ध्या तासाने भर चौकात बसकण मारायची. जरा थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. मेकॅनिक इंजिनाच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडायचा, कॉम्प्युटर दर वेळी नव्याच सेन्सरवर आळ घ्यायचा, आणि तो बिचारा सेन्सर बदलला जायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी ह्यांचं डोकं फिरलं. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातले एक मित्र गाडी विकत घेऊन जातील, विषय संपला, असं जाहीर झालं. दादा, गाडी गेली तर मी पेशंटच्या घरोघरी जाऊ कशी? मला रडू आलं, आणि मग राग आला.

बिघाडाचे कोड वाचायचं छोटं यंत्र मी स्वतःच मागवलं आणि शिकायला बसले. अरे, काय अजब प्राणी आहे तो कॉम्प्युटर! हवा किती आली, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं क्षणाक्षणाला ठरवतो. (आमच्याकडे भाजी कुठली करायची हे ठरायला सकाळ जाते.) पण सगळेच सेन्सर एकदम बिघडतील कसे? घरातले सगळेच वाईट आहेत असं कुणी सांगू लागलं, तर आधी सांगणाऱ्याकडे बघावं. म्हणून शनिवारी एक चक्कर मारून आले, बॉनेट उघडलं आणि सांगणाऱ्याला शोधून काढलं. बॅटरीशेजारी, काळ्या अस्तराच्या, आत कापूस भरलेल्या आंगड्यात, वर नाडीची गाठ मारून तो बसला होता. हात लावला तर तापलेला तवा. बाळाला घालावं तसं आंगडं, आणि उन्हाळा इंजिनाशेजारचा!

मी सासूबाईंकडे संशयाने पाहिलं. (त्यांनी टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिक चढवलंय.) त्या दुखावल्या. असले वाकडे टाके माझे नव्हेत, म्हणाल्या. मेकॅनिकला फोन केला, तर त्याने आंगडं दर वेळी पाहिलं होतं, आणि घरच्यांची काही श्रद्धा असेल म्हणून नाडी पुन्हा जपून बांधली होती.

आंगडं काढलं. मित्र आले तेव्हा त्यांना आणि ह्यांना मागे बसवून मी गावभर फिरवलं. गाडी एकदाही थांबली नाही. मित्र तर आता हीच हवी म्हणून हटून बसले, पण ह्यांनीच नाही म्हटलं. वर ऐटीत सांगितलं, आमच्या हिने दुरुस्त केलीय. दादा, मला आभाळ ठेंगणं झालं.

तुझी,
धाकटी

ता. क. वाकडे टाके ओळखलेस ना? आपल्या दप्तरांवरही तेच असायचे. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं मीच कधीतरी आईला ठासून सांगितलं होतं.

ता. क. तुमच्याकडे आल्याआल्या तिने काळं अस्तर मागितलं होतं का? उत्तर लिहिण्याआधी तुझ्या गाडीचं बॉनेट उघड.

ता. क. पत्र खरं यासाठी. काल तिने फोनवर गाडीची चौकशी केली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, तुझ्या आंगड्यामुळेच वाचली. आता ती तुमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची मापं घ्यायला निघाली आहे. थांबव तिला.