टेलचं पाणी आधी

परभणी,
१९ नोव्हेंबर १९९१

ती. दादांना कमलचा नमस्कार.

मी खुशाल आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिची लसणाची चटणी पोचली, अर्धी ऑफिसातल्या सुमनबाईंनीच फस्त केली. सोमवारचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण साऱ्या ऑफिससमोर तुम्ही ओरडलात, "आता घरात पाय ठिवू नको." तेव्हा माझंही ऐका.

येलदरी धरणाच्या पाण्याच्या पाळ्यांची यादी कॉम्प्युटरवर मीच लावली. साहेबांचा हुकूम होता, टेलवाल्यांना आधी, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्यांची शेतं आहेत त्यांना. दरवर्षी त्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. आता यंत्राला टोक काय कळतंय! ते नावं लावतं अक्षरांवरून, नाहीतर गटनंबरावरून, आणि गटनंबर तर आपल्याच शेतापासून सुरू होतात. म्हणून मी प्रत्येक नावापुढे पाळीचा वेगळा आकडा घातला, टोकाकडून एक, दोन, तीन, आणि याच क्रमानं लाव म्हणून यंत्राला सांगितलं. त्यानं मुकाट लावलं. आपला गहू शेवटी आला.

तुम्ही म्हणालात, "गहू वाळला तरी चालंल, पर पयलं नाव त्याचं? लाज न्हाई वाटायली तुला?"

त्याचं म्हणजे वैजीनाथचं. ज्यानं मला नांदवलं नाही आणि ज्याच्या दारात माझ्यासाठी तुम्ही एकटे भांडायला गेलात, त्याचं.

खरं सांगते दादा, आकडे घालताना त्या नावाशी माझा हात थांबला. त्याला शेवटी ढकललं असतं तर कुणी विचारलंही नसतं. तुम्हाला वाटतं, मला अजून त्याची माया आहे. तिळाएवढीही नाही! पण त्याचं शेत टोकाला आहे. रागानं त्याचा आकडा फिरवला असता, तर मायेनं तुमचाही फिरवावा लागला असता. मग या खुर्चीत मी कशाला हवी?

यादी बदलणार नाही. साहेबांकडे जा, नाहीतर थेट मुंबईला जा.

माहेर सुटलं तर मला दुसरं घर नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी आपल्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी मी येणार. दार लावून घेतलंत तर बांधावर उभी राहीन. वहिनी तिथं भाकरी आणून देईल, तिला अडवून दाखवा.

त्याच्या दारात तुम्ही कसे ताठ उभे राहिलात, ते मी पाहिलंय. आज तशीच तुमच्यासमोर उभी आहे. सोसा आता.

तुमच्याच वळणाची,
कमल