नकाशाच्या चौकटीबाहेरून जाणाऱ्या विमानाबाबत

प्रति,
माननीय प्रवास-परवानगी अधिकारी,
शासकीय वृद्धनिवास विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : दोन विमानतळांमधील अंतर चुकीचे मोजून नाकारलेल्या प्रवासाबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, दि. ४ मार्च.

महोदय,

मी आपल्या वृद्धनिवासात खोली क्रमांक अकरामध्ये राहतो. वय एकोणऐंशी. अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो की मला शब्द सुचत नाहीत, म्हणून लिहीत आहे. माझी थोरली बहीण समुद्रापलीकडे मुलाकडे असते. आईच्या माघारी तिनेच मला वाढवले, अक्षरे गिरवून घेतली. आता तिने अन्न सोडले आहे. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, यायचं तर आत्ताच या. नंतर येऊन काय करणार?"

१. नियमानुसार पंचाहत्तरीपुढील रहिवाशाला बारा तासांहून लांबचा विमानप्रवास करता येत नाही. माझ्या तिकिटावर अंतर आठ हजार तीनशे किलोमीटर आणि वेळ नऊ तास चाळीस मिनिटे छापली आहे. आपल्या कार्यालयाने तेच अंतर एकतीस हजार किलोमीटर व वेळ छत्तीस तास ठरवून अर्ज फेटाळला.

२. चूक माझीच असणार, असे मी सवयीने धरून चाललो. तीन ॲटलास पाहिले, पृथ्वीगोलावर दोरा धरून मोजले, पुन्हा मोजले. मग कार्यालयात आलो तेव्हा उलगडा झाला. आपल्या भिंतीवरच्या नकाशात आपले शहर उजव्या कडेला आहे आणि ताईचे डाव्या. लिपिकांनी मधल्या साऱ्या जगावरून पट्टी फिरवली होती. मी चाचरत म्हणालो की विमान उजव्या कडेने बाहेर पडते आणि डावीकडून आत येते. ते म्हणाले, "आजोबा, चौकट दिसते ना? सागवानी आहे. तिच्यातून विमान जाईल कसं?"

३. मी पृथ्वीगोल पुढे केला. मुख्य लिपिकांनी तो उलटापालटा करून विचारले, "ह्यावर शिक्का कुठाय?" गोलावर शिक्का नीट उमटत नाही, हे त्यांना प्रयोगाअंती कळले, एक महासागर मात्र जांभळा झाला. पृथ्वी गोल असल्याचा दाखला आणा, असे मला सांगण्यात आले. तो कोण देतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आपल्याकडे दाद मागितली, तेव्हा आपण मान वर न करता म्हणालात, "नकाशा ऑफिसचा आहे. ऑफिस चुकेल का?"

४. महोदय, आयुष्यभर मी अज्ञानाला भीत आलो, म्हणजे माझ्या स्वतःच्या. आपल्याकडे त्याला खुर्ची, पंखा आणि शिक्का मिळालेला पाहून ती भीती गेली. याबद्दल आभारी आहे.

५. चौदा तारखेला सकाळी सात वाजता मी विमानात बसणार आहे. परवानगीवाचून गेल्यास खोली जाते, हे मला माहीत आहे. आपले गणित बरोबर असेल, तर पंधराच्या संध्याकाळी सातपर्यंत मी हवेतच असेन. तोवर नोटीस पाठवू नये, घ्यायला कोणी नसेल. माझे बरोबर असेल, तर चौदालाच आपल्या कार्यालयाच्या घड्याळात पाच वाजण्याआधी मी उतरलेलो असेन, आणि मग नोटीस वाचायला मला सवड नसेल.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
खोली क्रमांक अकराचा रहिवासी
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. तिकिटाची प्रत.
२. जगाचा छोटा नकाशा, उजवी व डावी कड एकमेकींना चिकटवून. कार्यालयाच्या अभ्यासासाठी, परत नको.
३. खोली क्रमांक अकराची किल्ली.