तेवीस नंबरची नळी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? (करकरत असेल तर कळव, आवाजावरून दुखणं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.) इकडे आम्ही खुशाल. खुशाल कसले, जमिनीवर पायच नाहीत!

तुझी लेक जिंकली, ताई! निकाल आधीच सांगून टाकला, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस. या वेळी वाचू नकोस.

विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहील, याचं गणित ती तीन वर्षं कॉम्प्युटरवर मांडते आहे, हे तू जाणतेसच. पण कॉम्प्युटर काय, घरबसल्या काहीही उडवतो. म्हणून खऱ्या पंखाला टाचणीच्या डोक्याएवढी साठ भोकं पाडायची, प्रत्येकाखाली बारीक नळी जोडायची, आणि उडताना कुठे हवेचा दाब किती, ते मोजून गणिताशी ताडून बघायचं. भोकं आणि नळ्या हे माझं खातं. (पंक्चरच्या दुकानातून निघालेला माणूस आणखी कुठे पोचणार, असं तूच म्हणायचीस. इथे पोचला!)

विमान उडालं, आकडे आले. आलेखात एकोणसाठ ठिकाणी तिची रेघ आणि आमचे ठिपके गळ्यात गळा घालून. तेवीस नंबरवर मात्र तिचं गणित म्हणे हवेची ओढ जबरदस्त, म्हणजे दाब अगदीच कमी, आणि आमचं मोजमाप म्हणे निम्मीसुद्धा नाही. मोठे साहेब चहा पिताना कुजबुजले (तीन टेबलं पलीकडे, पण माझे कान तुला ठाऊक आहेत), "पोरीचं गणित चुकलंय. शुक्रवारपर्यंत जुळवलं नाही तर तिचं काम बंद." मी घाबरून तिला म्हटलं, "बाई, वाकव की थोडी रेघ." तर म्हणते, "मामा, वारा माझी नोकरी बघून वाहत नाही." अगदी तुझा सूर, ताई! तुझे धपाटे आठवून आपोआप पाठ चोळली मी.

मग विचार केला, गणितातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, पण नळी म्हणजे शेवटी ट्यूबच. गुरुवारी सकाळी पंखाची झाकणं उघडली, तेविसाचं यंत्राकडचं टोक सोडवून बंद केलं, भोकाकडून सायकलच्या पंपाने हळूच हवा भरली आणि नळीला साबणाचा फेस फासला. दोन पदव्यांवाली मंडळी तोंडावर रुमाल धरून हसत होती. बुडबुडा दिसायच्या आधीच मला ऐकू आलं: फुस्स! एका जोडातून. उडताना तिथूनच बाहेरची हवा आत शिरत होती आणि खरी ओढ लपत होती. जोड बदलला, दुपारी विमान पुन्हा उडालं, आणि तेविसावा ठिपका रेघेवर असा येऊन बसला, जशी जागा राखूनच ठेवली होती! पोरगी कागद नाचवत हँगरभर धावली. साहेब म्हणाले, "मी तर आधीपासून हेच म्हणत होतो." (माझे कान, ताई!)

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. एक काम आहे. अहवालात ती माझे आभार मानणार आहे. ते काढायला लाव; तुझं ऐकेल. ज्याने जोड केला त्याने त्यावर आपली खूण करायची, हा आमच्या खात्यातला माझाच कडक नियम. गळक्या जोडावर माझीच खूण निघाली. कुणी बघायच्या आत खिशात टाकला.

ता. क. २ पाकीट चिकटवणार तोच अहवाल आला. आभाराची ओळ अशी : "गळती शोधली मामांनी. केलीही मामांनीच. जोड त्यांच्या खिशात आहे." आता राहू दे. तिला काही वाकवायला सांगायची माझी पुन्हा छाती नाही.