सतरा नंबरची चूक

चि. भिंगरीस,

काका-काकूंचे पोतंभर आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे मी मजेत आहे आणि तुझी काकू उजवा खांदा सोडून बाकी सगळीकडे मजेत आहे. तू वेळेवर जेवतेस ना? (जेवत नसशील. फोनवर आवाज उपाशी येतो.) चांगली नोकरी सोडून पोरगी गोट्या खेळत बसली, असं तुझा बाप चारचौघांत म्हणाला म्हणे. त्याला मी सुनावलं आहे की बाबा रे, गोट्यांना नावं ठेवू नकोस. तुझ्या या काकाने बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं पोलादी गोळ्या तपासल्या आणि तुझ्या बापाचं शिक्षण त्या गोळ्यांवरच झालं. तो अजून घुश्शात आहे.

तर तू तुझा अर्धाकच्चा चेंडूचा खेळ माझ्या फोनवर पाठवलास आणि म्हणालीस, काका, पुढच्या महिन्यात स्पर्धेला द्यायचाय, त्याआधी चुका काढा. अगं, उपाशी माणसापुढे ताट वाढायचं आणि वर विचारायचं, जेवता का? निवृत्त झाल्यापासून मला कोणी चुका काढायला काही दिलेलंच नाही. (घरातल्या काढून पाहिल्या. पुन्हा काढणार नाही.)

खेळ लगेच समजला. फोन हातात धरून कलता करायचा, चेंडू घरंगळतो, भोकं चुकवत त्याला पलीकडच्या घरात न्यायचं. पण मी पडलो शिस्तीचा माणूस. आधी फोन जेवणाच्या टेबलावर सपाट ठेवला. चेंडू जागचा हलायला नको होता. तो रमतगमत डावीकडे निघाला आणि भोकात पडला. आता माणूस खोटं बोलेल, गोळी बोलत नाही, हा माझा जन्माचा अनुभव. म्हणजे टेबलच वाकडं! पाणसळ लावून पाहिली तर बुडबुडा बरोबर मधोमध. म्हणजे पाणसळही बिघडलेली! मग शेजारच्या गवंड्याला बोलावलं. त्याची पाणसळही माझ्या पाणसळीला सामील. शेवटी आम्ही दोघांनी चेंडूवर विश्वास ठेवायचं ठरवलं आणि तो थांबेपर्यंत टेबलाच्या पायांखाली पुठ्ठे सारले. नऊ पुठ्ठ्यांनी चेंडू थांबला, आणि तुझ्या काकूचा चहाचा कप निघाला तो थेट गवंड्याच्या मांडीवर. बिचारा सज्जन माणूस, 'चहा गरमच चांगला' एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

मग फोन उलटा करून पाहिला, तर कव्हराचा एक कोपरा फुगलेला, आत कागदाची जाड घडी. म्हणजे फोनच कलता! उघडली, तर खांद्याच्या व्यायामाची चिठ्ठी! हीच चिठ्ठी हरवली म्हणून तुझी काकू तीन आठवडे सुखात होती. (मी कव्हर कधीच काढत नाही, हे घरात एकाच व्यक्तीला ठाऊक आहे. मी काही विचारलं नाही. मला जेवायचं असतं.)

खांद्याचं तुला पुरतं सांगितलेलं नाही. न्हाणीघरात पडली, प्लास्टर निघालं, पण हात कानाच्या वर जाईना. आता उचलला नाहीस तर तो कायमचा तिथेच राहील, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. त्यांनी भिंतीवर पेन्सिलने खुणाही करून दिल्या. काकूचं उत्तर एकच, 'हात आहे माझा, झेंडा नव्हे वर चढवायला.' तेव्हापासून तिची वेणी मी घालतो. तिन्ही पेड अगदी एका मापाचे असतात, तरी ती आरशात पाहून उसासे टाकते. भिंगरे, मला खरंच भीती वाटत होती गं.

आणि मग घडली ती सतरा नंबरची चूक. त्याआधीच्या सोळा सोबत जोडल्या आहेत. चेंडू मधूनच पोळीच्या कणकेसारखा चपटा होतो, जिंकलं की 'हरलात' असं येतं, आणि भिंतीला आपटल्याचा 'ठो' हा आवाज तू स्वतः तोंडाने काढलेला आहेस, मी ओळखला. माझी फजिती करायला काकूने फोन हातात घेतला आणि तिचा चेंडू वरच्या कोपऱ्यात चिकटला तो चिकटलाच. ती इरेला पेटली. फोन हलवला, फुंकला, त्याला रागावली, आणि शेवटी तावातावाने उजव्या हातानेच डोक्याच्या वर नेऊन असा झटका दिला की चेंडू सुटला! खांदा कळवळला, पण ती चेंडूच्या मागे. गेले बारा दिवस रोज वीस-वीस वेळा हात वर जातो. मी वर्तमानपत्राआडून मोजतो.

असो. कागद संपत आला. प्रकृतीला जप.

तुझा,
काका

ता.क. एकतीस वर्षांत मी एकही सदोष गोळी पुढे जाऊ दिली नाही, हे तुला माहीत आहे. तरी आज हात जोडून सांगतो, सोळा चुका दुरुस्त कर, पण सतराव्या चुकीला हात लावू नकोस. स्पर्धावाल्यांना ती मुद्दाम ठेवली आहे असं सांग. हवं तर माझी सही घे.

ता.ता.क. पाकीट चिकटवायला काकूकडे देतो आहे. ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

भिंगरे, वाचलं. सतरावी चूक खुशाल दुरुस्त कर आणि जिंकून ये. फोन जरा डावीकडे कलता केला की चेंडू आपोआप सुटतो, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण वर्तमानपत्र उलटं धरून मोजत बसलेला माणूस दिसला की हात आपला वर जायचा. आता तो पार वेणीपर्यंत पोचतो. एवढं मात्र तुझ्या काकांना सांगू नकोस. आत्ता कुठे त्यांना बरी वेणी घालता यायला लागली आहे.