मासे शिवल्याबद्दल

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? वहिनींची दाढ काढली, की अजून दाढ आणि वहिनी एकमेकींना नुसत्या धमक्याच देत आहेत? आम्ही मजेत. ह्यांचं वजन वाढलं आहे. हे म्हणतात, तूच शर्ट तंग शिवतेस. ते असो. पत्राचं कारण असं, की माझी जीवशास्त्राची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे आणि मला तिला बसू देतील की नाही, हे आज तरी अधांतरी आहे. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून तुम्हाला सांगण्याआधी मीच लावून कळवते.

तुम्ही विचाराल, शिवणकाम करणाऱ्या बाईला पन्नाशी उलटल्यावर हे काय सुचलं. त्याचं कारण ते पांढरे कोट. दुकानासमोरच्या कॉलेजाने प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी तेवीस कोट शिवायला दिले. पोचवायला गेले तेव्हा बाई शिकवत होत्या, म्हणून गठ्ठा घेऊन दाराशी उभी राहिले. त्या त्वचेचे थर सांगत होत्या, वर काय, खाली काय, अस्तर कुठे. दादा, चाळीस वर्षं मी माणसांची मापं घेते आहे, पण ती सगळी बाहेरून. आत काय भरलं आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. गठ्ठा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी केली, तर पहिल्या वर्षाच्या या वर्गाला वयाची अट नाही, आधीच्या परीक्षांचीही नाही म्हणाले. चोविसावा कोट मी माझ्या मापाचा शिवला.

वर्गातल्या मुलांची नावं मला अजून पाठ नाहीत, मापं आहेत. माझ्या टेबलावरची मुलगी दर आठवड्याला कोटाचं एक बटण हरवते, म्हणून ती बटण. शिकवणाऱ्या बाई उंच, सरळ आणि कोणाला अर्ध्या इंचाचीही सूट न देणाऱ्या, म्हणून त्या मोजपट्टी. (हे त्यांना माहीत नाही, आणि तुमच्याकडूनही कळू नये.) पहिली आकृती पेशीची होती. मी ती झकास काढली, आणि सवयीने सभोवार शिलाईसाठी अर्धा इंच सोडून तुटक रेघ मारली. मोजपट्टींनी तांबड्या शाईत विचारलं, ही रेघ कोणत्या पुस्तकात आहे? घरीही तोच प्रकार. जेवताना कोणता घास आता कुठवर पोचला असेल, ते मी ह्यांना सांगायला लागले, तेव्हा हे ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेले. पण चाचणीत मला पन्नासपैकी एक्केचाळीस मिळाले, दादा! तो कागद मी दुकानात आरशाशेजारी लावला आहे. गिऱ्हाईक आधी तो वाचतं, मग स्वतःकडे बघतं.

मग आला माशांचा मंगळवार. दोघांत एक मासा, त्याच्या पोटावर छेद द्यायचा, आतले अवयव ओळखायचे आणि जर्नलमध्ये आकृती काढायची. कापणं म्हणजे माझ्या हातचा मळ. बाकीची मुलं लांबूनच टोचत होती, जसा काही मासा उठून बसणार होता. मी एका दमात असा छेद दिला, की मोजपट्टींनी सगळ्यांना बोलावून दाखवला. वीस वर्षांत असा पाहिला नाही म्हणाल्या. माझं माप जागच्या जागी दोन इंचांनी वाढलं. मग इतर टेबलांचे मासेही मीच कापून दिले. तिथे थांबले असते, तर ही वेळ आली नसती. पण बाई म्हणाल्या, विभागप्रमुखांना हे दाखवायलाच हवं, त्यांना घेऊन येते, तोवर आकृत्या पुऱ्या करा. त्या गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत. माझी आकृती झाली. समोर मासा उघडा. आता माझ्या दुकानाची शिस्त तुम्हाला ठाऊक आहे, कापलेलं काही टेबलावर उघडं टाकून मी उठत नाही, निदान कच्चा टाका तरी घालतेच. सुईदोरा कॉलरमागे असतोच. हात आपोआप चालला. बटण म्हणाली, मावशी, कळतसुद्धा नाही हो! झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला एवढं पुरतं. बाराच्या बारा मासे शिवून काढले, टाके सगळे आतून, बाहेर दोऱ्याचा मागमूस नाही. बटणच्या आणि माझ्या माशाला तर पुन्हा उघडता यावं म्हणून दोन हूक लावले. एका माशाचं थोडं सामान बाहेरच राहून गेलं. (चाळीस वर्षं गिऱ्हाइकं विचारतात, उरलेलं कापड कुठे गेलं? इथे उरलं, तर परत मागायला कोणी पुढे येईना.)

विभागप्रमुख आले. (पोट चव्वेचाळीस, पण कोट हट्टाने बेचाळीसचाच घालतात.) बारा धडधाकट मासे पाहून त्यांना वाटलं, मुलांनी तासभर चकाट्या पिटल्या. मोजपट्टी म्हणत होत्या, अहो, मी स्वतः पाहिलं, कापले होते. ते म्हणाले, मग काय, एवढ्यात बरे झाले? आणि खात्री करायला त्यांनी एक मासा उचलून दाबला. माझी एक सुई त्यात राहिली होती, ती त्यांच्या अंगठ्यात गेली. सुई राहिली हे माझं चुकलंच. मी माफी मागितली, अंगठ्याला पट्टी बांधली, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो तेही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

आता शिक्षा अशी, की नियमावलीच्या अकराव्या कलमाप्रमाणे एक गोष्ट पुरी केल्याशिवाय मला प्रयोगशाळेत पाऊल टाकता येणार नाही. ती येत्या मंगळवारपर्यंत झाली नाही, तर जर्नलवर सही नाही, आणि सहीशिवाय परीक्षा नाही. मोजपट्टी माझ्या बाजूने खूप बोलल्या, पण कलम ते कलम. दुकानातून मला मुलं आत जाताना दिसतात, मी शिवलेले कोट घालून. फार वाईट वाटतं, दादा. काल एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

वहिनींना नमस्कार आणि दाढेला निरोप.

तुमची धाकटी बहीण

ता. क. ती गोष्ट म्हणजे पालकांना घेऊन येणे. मी म्हटलं, साहेब, माझं वय त्रेपन्न. ते म्हणाले, प्रवेशाला वयाची अट नव्हती ना, मग कलमालाही नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणतात, मी कसला तुझा पालक, मीच तुझ्या ताब्यात. आईबाबा तर केव्हाच गेले. राहता राहिलात तुम्ही. मंगळवारी सकाळी अकराला ऑफिसात यायचं, माझी वागणूक सुधारेल असं लिहून द्यायचं आणि सही करायची.

ता. क. दुसरा : विभागप्रमुखांच्या अंगठ्याची आस्थेने चौकशी करा. पोटाकडे बघू नका.

ता. क. शेवटचा : याआधी माझे पालक म्हणून तुम्ही एकदाच शाळेत गेला होता, बाबा गेले त्या वर्षी, मी आठवीत असताना. येताना माझा दाखला काढून आणलात, आणि दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर बसले. तुम्ही तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे, आणि सगळं घर तुमच्या अंगावर पडलेलं. दुसरा मार्ग नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. राग नाही. रडले मात्र खूप होते, ते कधी सांगितलं नाही, आज सांगते. या वेळी, दादा, सही करा आणि हात हलवत परत या.