होम प्लेटवरचा आउट

बाबा, परवा शनिवारी क्लबच्या ग्रिलपार्टीत पुन्हा तीच मॅच निघाली. तुम्ही जर्मनीत कार्ल्सरूहेला आला होता त्या उन्हाळ्यातली, आमच्या बेसबॉलची शेवटची प्लेऑफ. दरवर्षी निघते. कुणी म्हणतं तेव्हा पाऊस होता, कुणी म्हणतं ऊन रणरणत होतं, स्कोअरसुद्धा दोघांचा एक नसतो. आठवडाभर ऑफिसात डोकं पिकवून आल्यावर वर हे दळण. ऐकूनच थकायला होतं.

त्या दिवशी तुम्ही कुंपणाला धरून उभे आहात, भर जुलैत स्वेटर घालून. बेसबॉल तुम्हाला नवा, पण पंचवीस वर्षं शाळेच्या मैदानावर अंपायरगिरी केलेली नजर ती. शेवटचा डाव, बरोबरी. मी तिसऱ्या बेसवरून सुटतो आणि होम प्लेटवर घसरत जातो. तिथे आपल्या विकेटकीपरसारखा बसलेला त्यांचा कॅचर ग्लोव्हमधला चेंडू मला टेकवतो. प्लेटला माझा पाय आधी लागला तर रन, चेंडू आधी टेकला तर मी आउट. धुरळा एवढा उडतो की अंपायरला काही दिसत नाही. तो हात आडवे पसरतो, सेफ. आम्ही जिंकतो आणि मला खांद्यावर घेतात.

संध्याकाळी किचनमध्ये चहा गाळता गाळता तुम्ही विचारलंत, "लागला होता ना रे?"

"अंपायरने सेफ दिलं, बाबा."

"ते मी पाहिलं. मी तुला विचारतोय."

तुमचा नियम मला पाठ होता. कड लागली असेल तर अंपायरच्या बोटाकडे बघायचं नाही, बॅट काखेत मारायची आणि चालू लागायचं. आठवीत मी एकदा तसाच उभा राहिलो तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. पण आता मी तिशीचा होतो, या लोकांत नुकता कुठे रुळत होतो. फटकन म्हणालो, "हे तुमच्या शाळेचं क्रिकेट नाही. इथलं तुम्हाला काही कळत नाही, मध्ये पडू नका." तुम्ही "बरं" म्हणालात आणि गाळणं धुवून ठेवलंत. पुढच्याच हिवाळ्यात गेलात. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

तो कॅचर नंतर आमच्याच क्लबात आला, आमच्याच डिपार्टमेंटलाही. इतकी वर्षं तो एकटा सगळ्यांशी भांडत आला की चेंडू आधी टेकला होता. सगळे त्याला रडका म्हणून हसायचे, मीही हसायचो. शनिवारी पुन्हा चिडवलं तर त्याने बाटली खाली ठेवली. म्हणाला, "आल्झो, म्हणजे, नसेलही लागला. मलाच आपलं तसं वाटत असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला तर माहीतच आहे." मी "गेनाऊ" म्हणालो, म्हणजे अगदी बरोबर, आणि सॉसेज उलटायला गेलो.

लागला होता, बाबा. डाव्या गुडघ्याला, चांगला ठणकत होता आठवडाभर. एका माणसाची खरी आठवण मी त्याच्याच तोंडून खोटी वदवून घेतली. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, पाठवायला पत्ताच नाही. त्याचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर आहे, आणि मी आउट होतो हे सांगायला जर्मनमध्ये तीनच शब्द लागतात. आज दुपारी कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर जेवलो. मी हवापाण्याचं बोललो.